दोनशे ग्रॅम

कामाचा ताण कसा हाताळावा याचं एक दिवसाचं प्रशिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी झालं, तेव्हा मला आदर्श म्हणून सगळ्यांपुढे उभं केलं होतं. ही गोष्ट मी अजून घरी सांगितलेली नाही.

मी एका तालुक्याच्या बालविकास कार्यालयात आकडेवारीचं काम बघतो. अंगणवाड्यांत दर महिन्याला मुलांची वजनं होतात. ती वजनं संगणकावर चढली की प्रत्येक मुलाच्या नावापुढे रंग येतो. बरं असेल तर हिरवा, कमी असेल तर पिवळा, फारच कमी असेल तर लाल. हे सगळं पंचवीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत चढलं पाहिजे. सव्वीसला सकाळी जिल्ह्याच्या ग्रुपवर तालुक्यांची यादी पडते आणि अकरा वाजता व्हीसी, म्हणजे पडद्यावरची बैठक, असते. खालच्या तीन तालुक्यांना त्या पडद्यावर नाव घेऊन उभं करतात. एकदा मलाही केलं होतं. मी पन्नाशीला टेकलेला माणूस, मुलगा ब्रह्मपुरीला कॉलेजात, आणि पडद्यावरून मला विचारलं गेलं, "तुम्हाला वाचता येतं का?" बाजूच्या खुर्चीतले लोक आपापल्या मोबाईलमध्ये बघत राहिले. त्या महिन्यात मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

प्रशिक्षण घ्यायला नागपूरहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी आम्हाला डोळे मिटून चारपर्यंत मोजत श्वास घ्यायला लावला. मग प्रत्येकाला एक फुगा दिला आणि त्यावर आपला ताण लिहायला सांगितलं. निम्म्याहून जास्त फुग्यांवर 'पंचवीस तारीख' असंच लिहिलेलं होतं. फुगे फोडताना सभागृहात दिवाळी झाली. शेवटी जिल्ह्याचे साहेब उठले आणि म्हणाले, "आपल्यातच एक माणूस आहे, ज्याचा अहवाल सव्वा वर्षात एकदाही उशिरा आला नाही. पावसाळ्यातसुद्धा नाही. अर्ध्या गावांना रेंज नाही, नाल्यांना पूर असतो, तरी नाही. या, पुढे या. सांगा सगळ्यांना, कसं करता?"

मी माईक धरला. "नियोजन," म्हणालो. "आणि सेविकांशी चांगला संवाद."

टाळ्या पडल्या. जेवताना शेजारच्या तालुक्यातला माझ्याच कामाचा माणूस ताट घेऊन चिकटून बसला. "भाऊ, नियोजन-फियोजन राहू दे. खरं सूत्र सांग न. एकटाच खाऊन राह्यला का?"

"अरे, काही सूत्र नाही."

"हाव का! आमी इथी मरून राह्यलो अन् याचा बीपी नॉर्मल!"

सगळे हसले. मीही हसलो. सूत्र होतं.

आमच्या तालुक्यातल्या सतरा गावांना रेंज नाही. तिथल्या सेविकांना मोबाईलवरून वजनं भरता येत नाहीत, म्हणून त्यांचे पासवर्ड मी एका वहीत लिहून ठेवले आहेत. त्या कागदावर वजनं लिहितात, पाकिटात घालतात आणि सकाळच्या एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ देतात. ड्रायव्हर ते पाकीट आमच्या कार्यालयात टाकून जातो. उन्हाळ्यात हे बरं चालतं. पावसाळ्यात गाडी नाल्यापर्यंतच जाते, कधी तीही नाही. त्यात जून-जुलैत धानाची रोवणी असते. आयाबाया पहाटेच बांधीत उतरतात, मुलं बांधावर असतात आणि अंगणवाडीत कुणी नसतं. पाकीट अठ्ठावीसला येतं, तीसला येतं. पडद्यावर उभा राहिलो तो असाच पावसाळ्याचा महिना होता.

पुढच्या महिन्यात चोवीस तारखेपर्यंत सतरापैकी तीनच पाकिटं आली. दुपारी खुर्चीत बसलो असताना छातीत काहीतरी घट्ट झालं. तेव्हा मी उरलेल्या चौदा गावांची मागच्या महिन्याची वजनं उघडली आणि प्रत्येक मुलाच्या वजनात दोनशे ग्रॅम मिळवले. या वयाची मुलं महिन्याला साधारण तेवढी वाढतातच, असं मी स्वतःला सांगितलं. पाकिटं आली की दुरुस्त करू, असंही सांगितलं. साडेतीनला काम संपलं. बाहेर जाऊन चहा घेतला. त्या चहाची चव अजून आठवते. कितीतरी महिन्यांनी मला चव कळली होती.

पाकिटं आली. पण एकदा पंचवीस तारीख गेली की मागचा महिना उघडायला जिल्ह्याची परवानगी लागते, आणि परवानगी मागायची म्हणजे कारण द्यायचं. मी पाकिटं टेबलाच्या खालच्या खणात ठेवली. पुढच्या महिन्यात पाकिटांची वाटच पाहिली नाही. वीस तारखेलाच दोनशे मिळवून मोकळा झालो. यंदाच्या पावसाळ्यात तर सतराही गावांचं मीच भरून टाकलं, पाकीट येवो न येवो. गोळी डॉक्टरांनी अर्धी केली. बायको फोनवर म्हणाली, "आवाज सुधारला तुमचा."

प्रशिक्षणानंतरच्या आठवड्यात आमच्या कार्यालयाच्या मॅडमनी मला बोलावलं. जिल्ह्याला आपली यशोगाथा पाठवायची होती, फोटोसकट. "दूरचं गाव घ्या. हसरी मुलं घ्या. कार्यालयाची गाडी न्या," त्या म्हणाल्या.

मुलचेऱ्याकडून आत जाणारा रस्ता घेतला. पाऊस संपून पंधरवडा झाला होता. धान पोटरीवर होतं. नाल्यातून गाडी आरामात पार झाली. गाव माडिया आदिवासींचं, तीसेक घरं. तिथली सेविका त्याच गावची, माझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणतो, ती मला साहेब म्हणते. नोकरीला लागल्यापासून आमची चार-पाचदाच भेट झाली असेल. मला बघून ती लगबगीने बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता आधी गाडीकडे बघून म्हणाली, "आली बाई गाडी! लय उशीर केला साहेब."

मला काही कळलं नाही. मी म्हणालो, "फोटो काढायचाय बाई. जी चांगली वाढली आहेत ती मुलं बसवा." मोबाईलमध्ये तिच्या गावाची यादी उघडली. एक मुलगी मेमध्ये पिवळी होती, सप्टेंबरात हिरवी. अशीच हवी होती मला. पिवळ्याची हिरवी झालेली, म्हणजे यशोगाथाच. "हिला आणा. हिच्या आईलाही."

बाईने मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं. "हिलेच?"

"हो, हीच. हिरवी झालीय ना."

ती गेली आणि दहा मिनिटांनी एका तरुण बाईला घेऊन आली. तिच्या खांद्यावर लुगड्याच्या पदरात काहीतरी होतं. मला वाटलं तान्हं मूल आहे. मी म्हणालो, "मोठीला आणायचं होतं. दोन वर्षांची आहे ती."

"हेच ते साहेब."

पदर बाजूला झाला. मी ते वर्णन करणार नाही. एवढंच लिहितो की पोरीच्या दंडाचा घेर माझ्या अंगठीएवढा आहे असं मला वाटलं, आणि तिने माझ्याकडे पाहिलं पण तिची नजर माझ्यावर थांबली नाही. माशी तिच्या ओठावर बसली होती आणि ती हाकलत नव्हती.

मी ओरडलो. आज आठवलं की लाज वाटते, पण पहिलं मी ओरडलोच, आणि ते सेविका बाईवर. "हे काय आहे? यादीत नऊ किलो शंभर आहे! तुम्ही वजन करता की नाही?"

बाईने आतून टांगायचा काटा आणला, आढ्याच्या दोरीला अडकवला, झोळीत पोरीला ठेवलं. काटा थरथरत थांबला. सहा किलो नऊशे.

"काटा बिघडलाय," मी म्हणालो. खरंच म्हणालो.

"मले बी तसंच वाटलं साहेब," बाई म्हणाली. "पोरगी सुकून राह्यली तं मी भादव्यात हिले उपकेंद्रावर नेली. नर्सबाईनं मोबाईलमंधी पाह्यलं. म्हने, हे तं हिरवी हाये, हिरवीले गाडी भेटत नाई, दवाखान्यात खाट बी भेटत नाई. मी म्हनलं, हिरवी कशी होईन? डोळ्यानं दिसून राह्यलं न! तं म्हने, तुहा काटाच बिघडला असन बाई. मंग मी घरी येऊन मिठाचा पुडा लटकवला. किलोचा पुडा. काटा किलोच दाखवे. दुसरा पुडा लटकवला. दोन किलोच दाखवे." ती थांबली. "मंग मले वाटलं, माहे डोळेच बिघडले. वरून लिहून आलं म्हनजे खरंच असन."

मी अंगणवाडीच्या उंबऱ्यावर बसलो. मेमध्ये आठ किलो तीनशे. जून आठ पाचशे, जुलै आठ सातशे, ऑगस्ट आठ नऊशे, सप्टेंबर नऊ शंभर. मेनंतरचे चारही आकडे माझ्याच बोटांनी टाकलेले. ती जसजशी सुकत गेली तसतशी मी तिला तिकडे कार्यालयात बसून वाढवत गेलो होतो, आणि माझी वाढवलेली पोरगी या खऱ्या पोरीच्या आड येऊन उभी राहिली होती.

फोटो काढला नाही. त्याच गाडीत आई, पोरगी आणि बाईला घेतलं आणि तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालो. मोठ्या रस्त्याला लागलो तर पुढे खनिजाच्या ट्रकांची रांग. आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, कुणी जागा देत नव्हतं. मागे आई पोरीच्या तोंडात थेंब-थेंब पाणी सोडत होती. बाई पुढे वाकून मला म्हणाली, "साहेब, एक विचारू का? माह्या चिठ्ठ्या भेटल्या नाई का तुमाले?"

"कुठल्या?"

"दर महिन्याले धाडली न एष्टीच्या ड्रायव्हरजवळ. वजन लिहून. खाली हिच्यासाठी बी लिहिलं होतं."

खरं सांगायला तेवढी एक वेळ मला मिळाली होती. मी म्हणालो, "नाही मिळाल्या. हरवल्या असतील कुठे तरी."

"हरवल्या?" ती मागे टेकली. मग म्हणाली, "विचारतेच त्या ड्रायव्हरभाऊले."

दवाखान्यात पोरीला लगेच दाखल करून घेतलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "इतके दिवस काय करत होता तुम्ही लोक?" त्यांना मी कोण आहे ते माहीत नव्हतं. ते म्हणाले, "दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही."

तिथून कार्यालयात आलो. चार वाजले होते, बाकीचे लोक होते, कुणीतरी म्हणालं, "काय मग, झाली का यशोगाथा?" मी खालचा खण ओढला. पाकिटांनी तो इतका भरला होता की अर्ध्यातच अडकला. हात घालून बाहेर काढत गेलो. त्या गावाची चार पाकिटं निघाली. एकही फोडलेलं नव्हतं.

जून, आठ दोनशे. जुलै, आठ किलो. ऑगस्ट, साडेसात. सप्टेंबर, सात शंभर. बाईचं अक्षर मोठं आणि सरळ आहे, शाळेत गिरवल्यासारखं. जुलैच्या कागदावर खाली लिहिलं होतं, 'ताप व हगवण आहे.' ऑगस्टच्या, 'पोरगी फार सुकली. तालुक्याला न्यावे लागते. गाडी पाठवावी ही विनंती.' सप्टेंबरच्या कागदावर तेच वाक्य पुन्हा होतं आणि त्याखाली, 'नाल्याचे पाणी उतरले आहे. गाडी येऊ शकते.'

गावात शिरल्यावर तिने गाडीकडे बघून जे म्हटलं ते मला आता कळलं.

मला वाटलं मी रडेन. रडलो नाही. डोकं विचित्र स्वच्छ होतं. त्या स्वच्छ डोक्यात पहिला विचार काय आला तेही लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर बाकीच्याला अर्थ नाही. विचार आला की ही चार पाकिटं जाळली तर कुणाला कळणार नाही. चूक ड्रायव्हरवर जाईल. बाईचा संशय आधीच त्याच्यावर गेला आहे.

मी पाकिटं पिशवीत घालून खोलीवर नेली. जाळली नाहीत, पण कुणाला दिलीही नाहीत. सकाळी दवाखान्यात गेलो. पोरगी जिवंत होती. नाकात नळी होती. ड्यूटीवरची नर्स म्हणाली की दर दोन तासांनी दूध द्यावं लागतंय, थोडं जास्त झालं तरी चालत नाही. आई खाटेजवळ जमिनीवर बसली होती. मी कोण हे तिला ठाऊक होतं, गाडी आणणारा साहेब. तिने मला बघून हात जोडले.

त्या जोडलेल्या हातांनी माझं जे झालं ते कुठल्याच पडद्यावर झालं नव्हतं. तिथून सरळ मॅडमकडे गेलो आणि पाकिटं टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं.

"किती गावं?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

"किती महिने?"

"यंदाचा पूर्ण पावसाळा. गेल्या वर्षीचाही, बराचसा."

त्यांनी ऑगस्टचा कागद वाचला. परत वाचला. मला वाटलं, आता ओरडतील. त्या हळू म्हणाल्या, "सतरा गावांत एकाही मुलाचं वजन चार महिने कमी होत नाही. असे आकडे येतात का कधी? मी दर महिन्याला बघत होते. मला ते आवडत होते." मग त्यांनी गाडीची किल्ली माझ्यापुढे सरकवली. "आजपासून सगळी गावं. तुम्ही स्वतः. काटा धरून."

सात दिवस फिरलो. आणखी चार मुलं लाल निघाली. त्यांनाही आणलं. त्यांपैकी एकही त्या पोरीइतकं वाईट नव्हतं. महिन्याच्या यादीत आमचा तालुका तळाला गेला, आणि मला नोटीस मिळाली आहे, तिचं उत्तर मी खरं लिहिलं आहे. चौकशीत जे होईल ते होईल. व्हीसीत त्या दिवशी मला पुन्हा उभं केलं. "तुम्ही तर नियोजनवाले ना?" असं विचारलं गेलं. मी पडद्याकडे बघत होतो आणि मला आश्चर्य वाटत होतं की याच प्रश्नांना मी एवढा घाबरत होतो. एवढ्यासाठी.

पण बाईला मी अजून सांगितलं नव्हतं. मॅडमना सांगता आलं, लेखी देता आलं, तिला मात्र नाही. आठव्या दिवशी दुपारी दवाखान्यात गेलो तेव्हा ती गावाहून आली होती. मला बघताच म्हणाली, "साहेब, त्या ड्रायव्हरभाऊले मी चांगलीच ऐकवली. भर स्टँडवर. म्हनलं, तुह्या एका आळसापायी लेकरू गेलं असतं. तं तो पोराची शपथ घेऊन राह्यला, म्हने मी दर वेळेस हापिसात देल्लं. खोटारडा!"

तेवढ्यात नर्स काटा घेऊन आली. आईने पोरीला ठेवलं. नर्सने आकडा लिहिला आणि पहिल्यांदाच हसली. "सात शंभर. दोनशे ग्रॅम वाढली तुमची राणी."

आठ दिवस. दर दोन तासांनी दूध, दिवसा आणि रात्री, आई जमिनीवर, दोन नर्स, एक डॉक्टर. तेव्हा कुठे दोनशे ग्रॅम.

"बाई," मी म्हणालो, "ड्रायव्हर खोटं बोलत नाही. चिठ्ठ्या मला मिळाल्या होत्या. मी त्या उघडल्या नाहीत, खणात टाकल्या. हिचं वजन मी मनाने टाकलं होतं. तुमचा काटा बरोबर होता. तुमचे डोळेही."

तिच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, तो आला नाही. तिचं तोंड नुसतं किंचित उघडं राहिलं, एखाद्याने दिवसाउजेडी आपल्याला ढकललं की राहतं तसं. मग म्हणाली, "मनानं? काऊन?"

माझ्याकडे उत्तर होतं. पंचवीस तारीख, व्हीसी, रक्तदाब. "घाबरलो होतो," एवढंच म्हणालो.

"तुमी?"

ती खाली बसली. आईने विचारलं असावं, काय झालं, कारण बाई तिच्याशी माडियात बोलू लागली. मला ती भाषा येत नाही. बराच वेळ बोलली. काय सांगितलं, किती सांगितलं, मला कधीच कळणार नाही. एकदा तिने खण ओढल्यासारखा हात केला. आईने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. ती पोरीच्या केसांतून बोटं फिरवत ऐकत होती. शेवटी ती एक छोटं वाक्य बोलली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

बाईने सांगावं की नाही असा विचार केला. "म्हने, त्याले म्हनाव, हिले हातात धर."

मी नोकरीत तालुक्यातल्या सगळ्या मुलांची नावं, वयं, वजनं लिहिली आहेत. एकालाही कधी उचललेलं नव्हतं. आईने पोरीला नळीसकट सांभाळून उचललं आणि माझ्या हातांवर ठेवलं. मी ज्या वजनाला तयार होतो त्यापेक्षा ती इतकी हलकी होती की माझे हात एकदम वर गेले.